काखेत कळसा

मासिकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी ती वाचून शांतपणे पुढे गेलो. आम्ही पडलो बी.सी.ए.चे विद्यार्थी. साहित्याशी आमचा संबंध वेळापत्रकात 'भाषा' म्हणून जेवढे तास येतात तेवढाच! पण मराठीच्या सरांनी जिन्यात गाठले. म्हणाले, "कविता मागत नाही रे तुझ्याकडे. एखादा अनुभव लिही." आता माझ्याजवळ सांगण्याजोगा अनुभव एकच आहे आणि तो फजितीचा आहे. तरीही लिहितो. पुढच्या वर्षी आमच्या लॅबमध्ये त्याच बाकावर बसणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला तर फजिती सार्थकी लागेल.

कला शाखेच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. पहिली दोन वर्षे आम्ही जे प्रोग्राम लिहिले ते सारे काळ्या पडद्यावरचे. प्रोग्राम विचारणार, 'पहिली संख्या द्या.' आपण देणार. 'दुसरी संख्या द्या.' आपण देणार. मग तो बेरीज सांगणार आणि संपणार. सगळा सरळ कारभार. तिसऱ्या वर्षी मात्र खिडकी, बटणे, रकाने, याद्या असलेला प्रोग्राम करावा लागतो. त्याला ग्राफिकल यूजर इंटरफेस म्हणतात. आमच्या लॅबमध्ये नुसते 'गुई'. बँकेतला कारकून ज्यावर टिचकी मारतो आणि आपण मोबाइलवर ज्यावर बोट ठेवतो, ते सारे गुईच.

पाचव्या सत्रात मला प्रकल्प मिळाला ग्रंथालयाचा. पुस्तक दिले, पुस्तक घेतले, दंड किती झाला, एवढेच. भाषा पायथन. आता हे शिकायचे कुठून? साहित्य मिळत नाही अशी तक्रार करायला जागा नाही. इतके मिळते की जीव गुदमरतो! टीकिंटर वापरा असे एक सांगतो. दुसरा म्हणतो, छे, पायक्यूटी. तिसऱ्याला जीटीके प्रिय, चौथ्याला किवी. लग्नाच्या पंगतीत चार वाढपी एकदम समोर उभे राहावेत आणि पानात भात कुठे घ्यावा हे न कळावे, तशी माझी अवस्था. शेवटी टीकिंटर घेतले, कारण ते पायथनबरोबरच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही.

पण नमुना म्हणून जो कोड उतरवून घ्यावा तो पहिल्याच ओळीला अडे. पुष्कळ दिवसांनी कारण कळले. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत टीकिंटरचे नाव मोठ्या 'टी'ने सुरू होत असे. डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तो 'टी' लहान झाला. दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाली. तिचे नमुने मात्र अजून नोकरीवर आहेत! नवशिक्याला हे कोण सांगणार? त्याला वाटते, आपलेच काही चुकले.

मग मी तेच केले जे पुष्कळजण करतात. वरच्या वर्गातल्या एका मित्राकडून त्याचा प्रकल्प पेन ड्राइव्हवर आणला. महाविद्यालयाचे नाव बदलले, माझे नाव घातले, खिडकीचा रंग निळ्याचा हिरवा केला. प्रोग्राम चालला. मी निर्धास्त झालो.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. माणूस शांत. त्यांनी प्रोग्राम पाहिला, दोन बटणे दाबली, मान डोलावली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे मेनलूप काय करते?" मी गप्प. "बरे, ही ओळ काढली तर काय होईल?" मी ठोकून दिले, "बटणे दिसणार नाहीत, सर." त्यांनी ती ओळ पुसली आणि प्रोग्राम सुरू करायला सांगितले. खिडकी वीज चमकावी तशी दिसली आणि नाहीशी झाली. "का झाले असे?" माझ्या मागे उभ्या असलेल्या कन्नड माध्यमातल्या मित्राच्या तोंडून हळूच निघाले, "गोत्तिल्ला!" ते माझेही उत्तर होते. परीक्षक रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "प्रोग्राम तुमचा आहे ना?" एवढेच त्यांनी विचारले, आणि मी "हो" म्हणालो.

काठावर गुण मिळाले. पण खरी अडचण पुढेच होती. खानापूर तालुक्यात आमच्या गावी वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. शनिवारी घरी गेलो. आबांनी विचारले, "परीक्षा कशी झाली?" मी म्हणालो, "चांगली. माझा प्रोग्राम सगळ्यांना आवडला." एका खोट्याला दुसरे लागते ते असे. आबांना इतका आनंद झाला, की त्यांनी आलेल्या गिऱ्हाईकाला ते सांगितले आणि गल्ल्याखालची लाल पुठ्ठ्याची उधारीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "मग आता ह्येचं कायतरी कर की. डोळ्यांना बारीक दिसत न्हाई आता. कुणाचं किती ऱ्हायलं ते बटन दाबलं की दिसाय पायजे." वही हातात घेताना ती दगडासारखी जड वाटली.

वाचकहो, इथून खरा अभ्यास सुरू झाला. मागायला कुणाचा तयार प्रकल्प नव्हता. ग्रंथालयाचे नमुने खंडीभर. आबांच्या वहीचा नमुना कुठून येणार?

मी आणि तो 'गोत्तिल्ला'वाला मित्र, दोघे मिळून लॅबमध्ये बसू लागलो. त्याची गतही माझ्यासारखीच झाली होती. आम्ही एक छोटी खिडकी केली. नावाचा रकाना, रकमेचा रकाना आणि 'जतन करा' असे बटण. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत फंक्शनला देवनागरीत नाव देता येते हे कळल्यावर मी हौसेने फंक्शनचे नावच 'जतन' ठेवले. प्रोग्राम सुरू केला. आणि चमत्कार! बटण न दाबताच फाइलीत एक रिकामी नोंद पडली. बटण दाबले तर काहीच नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा रिकामी नोंद. जे बटण दाबल्यावर व्हायचे ते आधीच होत होते आणि दाबल्यावर बटण मेलेले! दोन दिवस आम्ही कपाळाला हात लावून बसलो.

तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "आपण जगभर नमुने शोधले. मूळ माहितीपुस्तिका एकदा तरी वाचली काय?" खरेच वाचली नव्हती. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि दाट. आम्ही दोघेही दहावीपर्यंत आपापल्या भाषेत शिकलेले. पण बसलो. तो एक वाक्य कन्नडमध्ये सांगे, मी ते मराठीत म्हणून बघे. जिथे दोघांचे जुळत नसे तिथे पुन्हा इंग्रजी. तासाला जेमतेम एक पान होई. पण टीकिंटरच्या पहिल्याच पानावर लिहिलेले सापडले, की पायथनला टीकिंटर हेच मॉड्यूल चालवायला सांगितले तर एक नमुन्याची खिडकी उघडते. आम्ही सांगितले. उघडली! तीत दोन बटणे. एक 'क्लिक मी', दुसरे 'क्विट'. पहिले दाबले की त्यावरच्या अक्षरांभोवती चौकोनी कंस येतो. पुन्हा दाबले की आणखी एक. पोरखेळच म्हणा ना. पण मित्राच्या डोक्यात प्रश्न आला, "ही खिडकी ज्या कोडने झाली तो कोड कुठं आहे?"

तो आमच्याच संगणकात होता! पायथनबरोबर 'आयडल' नावाचा संपादक मिळतो. त्याच्या फाइल मेनूत 'ओपन मॉड्यूल' म्हणून एक ओळ आहे. तिथे टीकिंटर असे टंकले, की ती सबंध हजारो ओळींची फाइल समोर येते. घाबरून जाऊ नये. थेट शेवटी जावे. तिथे त्या दोन बटणांच्या खिडकीचा वीस-पंचवीस ओळींचा कोड आहे, ज्यांनी टीकिंटर रचले त्यांच्याच हातचा. तेवढ्यावर भागत नसेल तर 'टर्टलडेमो' नावाचे मॉड्यूल चालवावे. डाव्या बाजूला कोड आणि उजव्या बाजूला त्या कोडने काढलेले चित्र, अशी नमुन्यांची मालिकाच मिळते. आणि गंमत म्हणजे ज्या 'आयडल'मध्ये बसून आम्ही दोन महिने नमुने शोधत होतो, तो 'आयडल' स्वतः टीकिंटरमध्ये लिहिलेला आहे. त्याचा सगळा कोड 'आयडललिब' या फोल्डरमध्ये वाचायला ठेवलेला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

त्या शेवटच्या ओळी वाचता वाचता मित्र ओरडला, "कंस नाही!" 'क्विट' बटणापुढे 'खिडकी बंद करण्याच्या' फंक्शनचे नुसते नाव होते. पुढे कंस नव्हते. मी मात्र 'जतन' लिहून पुढे दोन कंस दिले होते. मी कंस काढले. बटण जिवंत झाले.

झाले खरे, पण का झाले? परीक्षकांचा तोच प्रश्न. त्याचे उत्तर मला लॅबमध्ये मिळाले नाही.

रविवारी दुपारी दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हते. मी सहज म्हणालो, "आबा, दिवसभर नुसतं बसून कंटाळा येत न्हाई?" आबा म्हणाले, "बसलोय म्हंजे काम न्हाई व्हय? गिऱ्हाईक येईल म्हणून बसलोय. कोण येतंय, काय मागतंय, मला काय ठावं? मागंल ते द्यायचं. दुकान म्हंजे ह्येच की." मग त्यांनी हाताखालच्या पोराला हाक मारली आणि सांगितले, "हे बघ, कुणी पेंड मागितली तर मागच्या खोलीतनं तू आणायची." पोराने मान हलवली आणि तो जागीच उभा राहिला. पेंड मागितलीच नव्हती कुणी!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम म्हणजे बाजाराला निघालेला माणूस. हे घे, ते घे, घरी ये. खिडकीचा प्रोग्राम म्हणजे दुकान. माल मांडायचा आणि बसायचे. हे बसणे म्हणजेच मेनलूप! ती ओळ काढली की काय होणार? दुकान उघडले, माल मांडला आणि लगेच फळ्या लावल्या. परीक्षकांसमोर वीज चमकली ती हीच. आणि बटणाला फंक्शनचे नुसते नाव द्यायचे, म्हणजे 'मागितले तर हा पोरगा आणील' एवढे सांगून ठेवायचे. पुढे कंस दिले की पोरगा त्याच क्षणी पळाला. गिऱ्हाईक आले तेव्हा द्यायला कोणी उरला नाही.

पुढे दुसरी चूकही याच हिशेबाने उमगली. 'जतन झाले' हा निरोप तीन सेकंदांनी नाहीसा व्हावा म्हणून मी प्रोग्रामला तीन सेकंद झोपायला सांगितले होते. सबंध खिडकी गोठून जाई. टंकता येत नसे, बंद करता येत नसे. साहजिकच आहे. दुकानदारच झोपला तर दारातल्या गिऱ्हाईकाने काय करावे? झोपायचे नसते. 'आफ्टर' ही सोय वापरून 'तीन हजार मिलिसेकंदांनी हे काम आठवण करून दे' असे सांगायचे आणि आपण बसून राहायचे.

नंतर ग्रंथालयात वाचत गेलो तेव्हा समजले, की हा घोटाळा एकट्या माझा नाही. तो या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउस चालवून दाखवला. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा खिडक्यांचा संगणक तयार झाला. तिथल्याच 'स्मॉलटॉक' या भाषेत तर संबंध यंत्रणेचा कोड वापरणाऱ्यालाच उघडून वाचता येई. पाठ्यपुस्तक आणि यंत्र एकच. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये विंडोज. कर्निगन आणि रिची यांच्या 'सी' भाषेवरील १९७८ च्या पुस्तकात जगाला नमस्कार करणारा पहिला प्रोग्राम अवघ्या चार ओळींचा आहे. तोच नमस्कार विंडोजच्या खिडकीतून करायचा तर पुस्तकाची पाने खर्ची पडत. चार्ल्स पेझोल्ड यांनी १९८८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि हजारो लोकांनी त्यातले नमुने एकेक ओळ टंकून ही कला आत्मसात केली. टीकिंटरच्या पोटात जे 'टीके' आहे ते जॉन औस्टरहाउट यांनी अमेरिकेतील बर्कले येथे याच कटकटीला कंटाळून रचले; ते १९९१ मध्ये बाहेर आले. म्हणजे नमुन्यावरून शिकणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सगळे तसेच शिकले. फरक इतकाच, की त्यांनी ओळ टंकताना ती का आहे हे विचारले, आणि मी रंग बदलला.

आता आबांच्या वहीकडे येतो. इथे मात्र एकही नमुना कामाला आला नाही. नमुन्यांतली माणसे कोण? जॉन, मेरी आणि बॉब! त्यांची नावे कोणत्याही फाइलीत सुखाने मावतात. मी पहिल्याच गिऱ्हाईकाचे नाव देवनागरीत टंकून 'जतन करा' दाबले आणि प्रोग्राम कोसळला. मित्राने कन्नडमध्ये नाव टंकले; त्याचेही तेच. सीमाभागात या एका बाबतीत तरी दोन्ही भाषांना अगदी समान वागणूक मिळाली! कारण असे निघाले, की फाइल उघडताना अक्षरे कोणत्या संकेताने लिहायची ते सांगितले नाही, तर आमच्या संगणकावर पायथन युरोपी अक्षरांपुरता जुना संकेत धरत होता. 'यूटीएफ-८' असे स्पष्ट सांगितले की दोन्ही लिप्या बिनबोभाट बसतात. उपाय एका शब्दाचा. पण नमुना लिहिणाऱ्याला त्याची गरजच पडली नव्हती, तर तो कशाला लिहील? तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की आपले नमुने आपणच लिहिले पाहिजेत.

एक सुखद धक्काही सांगतो. आबा आकडे मराठीतच लिहितात. '५०' असे देवनागरीत टंकल्यावर बेरीज चुकणार, असे मी धरून चाललो होतो. चुकली नाही! पायथनला देवनागरी आकडे कळतात, आणि कन्नडही.

दीड महिन्याने प्रोग्राम दुकानात नेला. मोठी अक्षरे, चार बटणे. आबांनी एका बोटाने नाव टंकले, बटण दाबले, बाकी दिसली. वहीशी ताडून पाहिली. मान हलवली. तेव्हा मी सांगून टाकले, की परीक्षेतला प्रोग्राम माझा नव्हता. आबा थोडा वेळ बोलले नाहीत. गल्ल्यातली नाणी उगाचच सारखी केली. मग म्हणाले, "ह्यो तुझाच न्हवं?" मी म्हणालो, "व्हय." "मग बस की." इतकेच. वही मात्र त्यांनी फेकली नाही. रोज रात्री दोन्हीकडे लिहितात. म्हणतात, वीज गेली तरी वही उघडते. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आज कृत्रिम बुद्धीला सांगितले तर ती क्षणात सबंध प्रोग्राम लिहून देते. देते, मीही मागून पाहिला आहे, आणि तो चालतोही. पण माझ्या मित्राचा पेन ड्राइव्हवरचा प्रकल्पही चालतच होता! चालणारा प्रोग्राम मिळवणे ही कधीच अडचण नव्हती. त्यातली एखादी ओळ पुसली तर काय होईल, हे मला सांगता येत नव्हते. अडचण ती होती.

आम्ही दोघांनी लॅबमध्ये एक फोल्डर ठेवले आहे. त्यात छोटे छोटे सात नमुने आहेत. एकात नुसती खिडकी, एकात बटण, एकात रकाना, एकात 'आफ्टर', एकात मराठी-कन्नड नावे जतन करण्याची रीत, असे. एकही वीस ओळींच्या वर नाही. प्रत्येक ओळीशेजारी ती का आहे ते दोन्ही भाषांत लिहिले आहे. पहिल्या नमुन्याच्या माथ्यावर सूचना आहे, 'उतरवून घ्या. मग एक ओळ पुसा आणि काय मोडते ते बघा.' चुका सापडल्या तर दुरुस्त कराव्यात. मित्राने याच विषयावर कन्नड विभागात लिहिले आहे. माझ्या फजितीत त्याने जास्त रंग भरला असण्याची शक्यता आहे, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सहाव्या सत्राची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. या खेपेस मी आबांची वहीच मांडणार आहे. तेच परीक्षक आले तर बरे होईल. त्यांनी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी खोटे दिले होते.